फुगडीपुरती जाऊ

"हात काय, कुनीपन देतं. मनगट दे," असं म्हणून ती आधी तुमचं मनगट पकडायची. मग एक पाऊल मागे सरून, मान जराशी वाकडी करून, बाजारात भोपळा हातात धरून बघावा तसा तुमचा भार जोखायची आणि निकाल द्यायची. निकाल दोनच प्रकारचे असत. "तू वढतेस," किंवा "तू लोंबतेस." ओढणाऱ्या आणि लोंबणाऱ्या यांच्याखेरीज तिसऱ्या जातीची बाई जगात असते यावर तिचा फारसा विश्वास नव्हता. गावात पाटलाचा निकाल पटला नाही तर मामलेदाराकडे जाता येई. हिच्या निकालावर दाद मागायची सोय कुठेच नव्हती.

आम्ही सगळ्या तिला थोरली म्हणत असू. रेवदंड्याच्या अलीकडे, सुपाऱ्या-नारळांच्या वाड्यांमधे दडलेलं ते गाव. माझे यजमान तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून आले आणि थोरलीच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाड केलं. मी नवी, गावाला अनोळखी. पहिल्याच दिवशी ती नारळ घेऊन आली. मी नारळ घ्यायला हात पुढे केला तर तिने नारळ खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं. "लोंबतेस," ती म्हणाली, आणि निघून गेली. आमच्या स्वागताचा समारंभ एवढाच.

दिसायला ती बुटकी, रुंद, काळीसावळी. जमीन आपल्याच मालकीची असल्यासारखी ती चाले. घरामधल्या कुडाच्या भिंतीपलीकडे तिची जाऊ राही, तिला सगळ्या धाकटी म्हणत. ती उंच, शिडशिडीत, कमी बोलणारी. दोघी एकाच घरात नांदल्या होत्या, एकाच चुलीवर जेवल्या होत्या. मग सासरे गेले आणि दोघा भावांनी वाटणी केली. वाडी अर्धी अर्धी, घर मधे कूड घालून अर्धं अर्धं. न्याय इतका चोख झाला की पाटा थोरल्या भावाकडे गेला आणि वरवंटा धाकट्याकडे. दोघांनाही उरलेला भाग बाजारातून नवा आणावा लागला, पण कुणावर अन्याय झाला नाही याचं समाधान मोठं होतं. विहीर तेवढी कापता येईना, म्हणून ती सामाईक राहिली.

भाऊ वर्षभरातच एकमेकांशी बोलायला लागले. संध्याकाळी ताडी-माडीच्या दुकानात एकाच बाकावर बसत. पण एवढं कष्टाने उभं केलेलं भांडण वाया जाऊ नये, म्हणून त्यांनी ते बायकांकडे सांभाळायला दिलं. बायकांनी ते गाभण म्हशीसारखं जपलं.

तुम्हीही असे अबोले पाहिले असतील. त्यांचे नियम कोर्टापेक्षा कडक असतात. इथला नियम असा, की दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही, पण तिसऱ्या माणसाकरवी वाटेल तेवढं बोलायचं. आमच्या येण्याआधी हे काम कुणाकडे होतं कोण जाणे. आम्ही आल्यावर ते माझ्याकडे आलं.

"मास्तरीणबाय," थोरली विहिरीच्या काठावर उभी राहून म्हणे, "त्या बायला सांग, रहाटाची दोरी झिजलीय."

धाकटी चार हातांवर कपडे धूत असे. ती मान वर न करता म्हणे, "त्यांना सांगा, मी कालच बघितलीय."

दोघींना एकमेकींचं स्वच्छ ऐकू येई. तरी मी पुन्हा सांगेपर्यंत ते ऐकलं असं धरायचं नसे. एकदा मी कंटाळून गप्प राहिले, तर दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही पोस्टमनने टपाल समुद्रात फेकलं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. थोरली जावेला "ती बाय" म्हणे, पण धाकटी कधी एकेरीवर आली नाही. "त्या", "त्यांना", "त्यांचं". भांडण होतं म्हणून रीत सोडायची, एवढी काही ती घसरली नव्हती.

आमच्या पहिल्या भाद्रपदात गौरी आल्या. दुपारी जेवणं आटोपल्यावर आळीतल्या बायका थोरलीच्या अंगणात जमल्या आणि फेर धरला. मी कडेला उभी राहून बघत होते. पुढची वाकली की मागची वाकते, पुढची सरली की मागची सरते, कुणी कुणाला सांगत नाही, कुणी मोजत नाही. मला आत ओढलं तेव्हा मी पायांकडे बघत नाचले आणि पुढच्या बाईच्या पाठीवर जाऊन आदळले. ती बाई पाटलीण निघाली. आमच्या बदलीची भीती मला तेव्हापासून.

मग फुगड्या सुरू झाल्या. थोरली मधे येऊन उभी राहिली. तिच्याशी फुगडी घालायला कुणी पुढे येईना. मला वाटलं, तिच्या जिभेला भितात. एवढ्यात बायकांची रांग फाटली आणि धाकटी पुढे आली. आता काय होणार, शिव्या की झिंज्या? त्याच दिवशी सकाळी मी या दोघींमधे गौरीच्या तेरड्याच्या मुळ्यांवरून निरोप पोचवत होते.

दोघींनी पायाला पाय लावला. हातांची फुली करून मनगटं धरली. थोरली जावेच्या डोक्यावरून माडाच्या शेंड्याकडे बघत होती, आणि धाकटी थोरलीच्या खांद्यावरून कौलांकडे. आणि दोघी मागे कलल्या. इतक्या मागे, की एकीने हात सोडला असता तर दुसरीचं डोकं तुळशीवृंदावनावर फुटलं असतं. मग फिरायला लागल्या. बुटकी आणि उंच, जाड आणि बारीक. कोण कुणाला फिरवतंय ते कळेना. पायांच्या टाचा दिसेनाशा झाल्या, लुगड्यांचा एकच घेर झाला, तोंडाने दोघींचा फू-फू असा ताल, तोही एकाच दमात. एक वेगळ्या चालीने श्वास घेतेय असं कुठे झालं नाही. आणि जशा वेगाने चढल्या तशाच हळूहळू उतरल्या. हात सुटले. धाकटी आपल्या दाराकडे, थोरली आपल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर थोरली म्हणाली, "मास्तरीणबाय, त्या बायला सांग, बादली जागेवर ठेवत जा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकी, काल तर दोघी नाचलात."

"मंग?"

"बोलत नाही ना तुम्ही?"

"बोलायचं न्हाय म्हटलं हाय," ती शांतपणे म्हणाली. "नाचायचं न्हाय असं कुठं म्हटलंय?"

यावर वकीलसुद्धा गप्प बसला असता.

पुढे तिने मला फुगडी शिकवायचं मनावर घेतलं. मी किती वेळा अंगणात बसकण मारली ते सोडून देऊ. "पायाकडं बघू नको," ती सांगे. "माझ्या तोंडाकडंबी बघू नको. तोंड काय, खोटं बोलतं. हातात काय येतंय ते बघ." मी घट्ट धरलं की म्हणे, "वढतेस." सैल धरलं की, "लोंबतेस." एकदा मी रडकुंडीला आले तेव्हा तिने हात सोडले आणि विचारलं, "तू पडशील म्हनून भितेस, का मी पाडीन म्हनून?"

"पडेन म्हणून," मी म्हटलं.

"मंग शिकवता येईल. दुसरं असतं तर घरी पाठवली असती."

मनगटावरून माणूस कळतं, हा तिचा सिद्धांत होता. सिद्धांत बाळगणाऱ्या माणसांना तो कुठेतरी वापरून बघायची हौस असते. तिने तो मुलाच्या लग्नात वापरला. माणगावकडची एक मुलगी बघायला आम्ही गेलो. मलाही नेलं होतं. मुलीच्या आईने पोहे पुढे केले, बापाने मुलीला शिवण येतं, भाकरी येते, वाचायलाही येतं असं सांगून झालं. थोरलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी, जरा अंगनात ये." मुलीच्या बापाचं तोंड उघडं ते उघडंच. अंगणात दोन गरके झाले. थोरली आत येऊन बसली आणि म्हणाली, "लग्न ठरलं."

सून घरी आली आणि सहा महिन्यांत तिचा थांग लागला. तिच्याइतकी रुसणारी मुलगी मी पुढे पाहिली नाही. सासूने मीठ मागितलं तर रुसे, न मागितलं तरी रुसे. विहिरीवर एकटीच बसून राही आणि भांडी तिची वाट बघत. मी एकदा सहज थोरलीला विचारलं, "काकी, सून कशी आहे?"

थोरली थोडा वेळ सुपारी कातरत राहिली. "फुगडीत बरी हाय," ती म्हणाली. बाजारातून चुकीचा बैल आणलेला माणूस त्याच्या शिंगांची तारीफ करतो, अगदी त्या आवाजात.

मग एका श्रावणात धाकटीचा नवरा तापाने गेला. आठ दिवसांपूर्वी रहाटापाशी बसून मोठ्याने गाणारा माणूस, तो गेलाच. आळीतल्या म्हाताऱ्या बायका जमल्या. रडण्याच्या आधी रीत पाळायची त्यांना घाई. एकीने बांगड्या फोडायला दगड उचलला. थोरली कुडापलीकडून आली होती. कुडाच्या त्या बाजूला तिचं पाऊल इतक्या वर्षांत पडलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने त्या बाईच्या हातातून दगड काढून घेतला आणि कोपऱ्यात ठेवला.

"काय करतेस?" म्हातारी म्हणाली. "रीत हाय ती."

"रीत व्हईल. दगडानं न्हाय." तिने खोबरेल तेलाची वाटी मागितली. धाकटीच्या पुढ्यात बसली, तिच्या मनगटांना तेल चोळलं आणि एकेक बांगडी ओल्या हातातून सरकवून काढली. सगळ्या बायका बघत होत्या. शेवटची निघाली तेव्हा ती म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाली, "ही मनगटं मला लागतात. काच घुसला तर तुमी घालाल का माझ्यासंगं फुगडी?"

अशा वेळी हे बोलणं शोभतं का, यावर पुढे बरीच चर्चा झाली. बहुतेकांचं मत, शोभत नाही. धाकटी काहीच बोलली नाही. थोरलीही तिच्याशी बोलली नाही. तेरा दिवस तिने कुडापलीकडे रांधलं, वाढलं, भांडी उचलली, आणि चौदाव्या दिवशी विहिरीवर मला म्हणाली, "मास्तरीणबाय, त्या बायला सांग, थोडं जेवत जा."

त्या वर्षी घरात गौर आली नाही. पुढच्या भाद्रपदापर्यंत सारा मुलूख बदलला, असं वर्तमानपत्रं म्हणत होती. किनाऱ्यावर गावोगाव मिठाचा कायदा मोडला गेला होता. आमच्या आळीच्या बायकांनीही वाटीभर खारं पाणी आटवून सरकारला हादरवलं होतं, आणि ते मीठ चिंधीत बांधून देवाजवळ ठेवलं होतं. सरकारचा कायदा मोडलेल्या या शूर बायका गौरीच्या दुपारी थोरलीच्या अंगणात जमल्या. फेर झाला. फुगड्यांची वेळ आली. थोरली मधे उभी राहिली आणि कुडापलीकडच्या दाराकडे बघू लागली.

"ती कशी येईल?" पाटलीण म्हणाली. "ओसाड कपाळानं गौरीपुढं?"

"नवरा मेलाय तिचा," थोरली म्हणाली. "पाय कुठं मेलेत?"

थोरलीने मला खूण केली. "मास्तरीणबाय, जा. त्या बायला सांग, मी उभी हाय."

मी गेले. धाकटी दाराआडच बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तरी मी सांगितलं.

"त्यांना सांगा, लोक नावं ठेवतील," ती म्हणाली.

मी अंगणात येऊन तसं सांगितलं. थोरली म्हणाली, "तिला सांग, लोकांनी मला काय कमी नावं ठेवलीत?"

मी पुन्हा गेले. या खेपेला धाकटीने पदराने डोळे पुसले आणि नकाराची मान हलवली. मी रिकामी परत आले. थोरलीने ते बघितलं. ती सावकाश चालत आपल्या पायरीवर जाऊन बसली. "ती बसली, तर मीबी बसनार," ती म्हणाली. "खेळा तुमी."

बायका खेळल्या. पण ते खेळणं बघवत नव्हतं. जोड्या लागत, सुटत, कुणी ओढे, कुणी लोंबे. थोरली पायरीवर बसून एकेकीकडे बघत होती आणि तिने एकही निकाल दिला नाही. तिच्या शिव्या परवडल्या असत्या, पण ते गप्प बसणं कुणाला सोसेना.

त्याच्या पुढच्या वर्षीही हेच झालं. बायका आधी रागावल्या. मग म्हणाल्या, म्हातारी माजलीय. मग थोड्या गोडीने समजावायला आल्या. थोरली सगळ्यांचं ऐकून घेई, सुपारी देई, आणि जागची हलत नसे. शेवटी गावाचं मन वळलं, पण करुणेने वळलं असं मला सांगता येत नाही. झालं असं, की खालच्या आळीतल्या फुगड्या बघून आलेली कुणाची तरी पाहुणी आमच्या पाटलिणीला म्हणाली, "तुमच्याकडं पूर्वी बरं खेळायचे म्हनं." एवढं पुरलं. जे सुधारकांच्या व्याख्यानांनी झालं नव्हतं ते खालच्या आळीच्या कौतुकाने झालं. पुढच्या गौरीला पाटलीण स्वतः धाकटीच्या दारात गेली. "चल बाय," ती म्हणाली. "शास्त्रात तसं काय लिहिलेलं न्हाय." शास्त्र तिने कधी वाचलं ते आम्ही विचारलं नाही.

धाकटी आली. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, मोकळे हात. आली ती थेट थोरलीसमोर उभी राहिली. दोघींनी पायाला पाय लावला, मनगटं धरली, मागे कलल्या. आणि जमलं नाही. धाकटीचा पाय सरकला, थोरलीचा गुडघा दुमडला, दोघी एकमेकींवर येऊन आदळल्या. अंगणात कुणीतरी फिस्कन हसलं. मला वाटलं, संपलं. मधली वर्षं दोघींच्या अंगावरून गेली होती. धाकटी काडीसारखी झाली होती, आणि थोरलीचे गुडघे गेले होते. पूर्वीचा भार आता दोघींपैकी एकीकडेही नव्हता.

थोरलीने हात सोडले नाहीत. ती जावेच्या डोक्यावरून माडाकडे बघत नव्हती, तिच्याकडेच बघत होती.

"मी कमी करते," ती म्हणाली. "तू ये."

मधे मी नव्हते. कुणीच नव्हतं. आमच्या आळीने ते वाक्य पुढे कित्येक दिवस चघळलं.

थोरली कधी कुणासाठी कमी झालेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती मागे कललीच नाही. अर्धीच झुकली, पावलं लहान टाकली, आणि धाकटीचं बारीक अंग जितकं पेलेल तितकंच तिच्या हातात दिलं. दोघी फिरल्या. हळू फिरल्या, वेग असा आलाच नाही. "जातं फिरतंय जसं," पाटलीण माझ्या कानाशी कुजबुजली. फिरत होत्या तोवर धाकटी रडत होती, आणि तिच्या पावलांत चूक नव्हती.

मग बोलणं सुरू झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर विहिरीवर गेले. थोरली आली, धाकटी आली. थोरली म्हणाली, "मास्तरीणबाय, त्या बायला सांग, माझ्या बाजूला शेण टाकू नको." मी निमूटपणे सांगितलं. काही माणसांना एक वाक्य पुष्कळ होतं.

आणखी दोन-तीन वर्षांनी थोरली अंथरुणाला खिळली. पायांना सूज आली, उठता येईना. आता तिला उठवणं हा घराचा मोठा प्रश्न झाला. मुलगा काखेत हात घालून उचलायला जाई, ती कळवळे. सून मनगट धरून अशी काही उभी राही, की सासूनेच तिला सावरावं. थोरली पडल्या पडल्या म्हणे, "लोंबतेय." एक दिवस सकाळी मी पेज घेऊन गेले तेव्हा मागच्या दाराने धाकटी आत आली. कुणाला काही न विचारता अंथरुणापाशी गेली. थोरलीला बसती केली, तिचे पाय खाली सोडले, आपल्या पायांची बोटं तिच्या बोटांना लावली, मनगटं धरली, आणि स्वतः मागे कलली. ती काडीसारखी बाई मागे गेली आणि ती अवजड बाई वर आली. अगदी सहज, जशी काही पाण्यातून. दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग धाकटीने तिला न्हाणीकडे नेलं. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ ती येई, उठवी, बसवी, निजवी. बोलणं नाही.

आमची बदली पेणला झाली. निघताना मी थोरलीच्या पाया पडले. तिने माझं मनगट हातात घेऊन थोडा वेळ धरून ठेवलं. निकाल काही दिला नाही. त्याच पावसाळ्यानंतर ती गेल्याचं कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात रेवदंड्याला एका लग्नाला आले होते, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून गेले. धाकटी आपल्या ओटीवर सुपारी सोलत बसली होती. तिने मला पाट दिला, कोकमाचं सरबत दिलं. थोरलीच्या शेवटच्या दिवसांचं सगळं सांगितलं. मी विचारलं, "शेवटी काही बोलल्या का तुमच्याशी?"

"बोलल्या तर." ती थोडी हसली. "मी निजवत होते. माझ्याकडं बघून सुनेला म्हनाल्या, तिला सांग, आज हितंच जेवून जा."

"मग?"

"मंग जेवले. त्यांच्याच ताटात वाढलं सुनेनं. त्यांना जेवन जात नव्हतं, पन मी जेवते ते बघत बसल्या."

आतून सुनेने भांडी आपटल्याचा आवाज आला. बहुधा कशावरून तरी रुसली होती. धाकटीने तिकडे लक्ष दिलं नाही. बोलता बोलता ऊन तिच्या पुढ्यात आलं होतं. तिने सोललेल्या सुपाऱ्या सुपात लोटल्या, सूप उचललं, आणि थोरलीच्या बाजूच्या ओटीवर सावली होती तिकडे जाऊन पुन्हा सोलायला बसली.